उणे बत्तीस

सोमवारची मोजणी आली. जुन्या ॲपवर अजून किती बायका उरल्या आहेत, या प्रश्नाचं उत्तर निघालं उणे बत्तीस.

सर्व्हरवाला पोट धरून हसला. "शून्याच्याही खाली गेलो की! म्हणजे ज्यांनी आपलं ॲप कधी बघितलंसुद्धा नाही, अशा बत्तीस जणींनीपण अपग्रेड करून टाकलं म्हणायचं."

जिने ही मोजणी बसवली होती, ती मात्र हसली नाही. ऑफिसात सगळे तिला नाणेवाली म्हणत. हे नाव सर्व्हरवाल्यानेच पाडलेलं, आणि ते कसं पडलं हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

संस्था लहान. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या. एकीत संस्थेच्या प्रमुख वकीलबाई, एकीत ही दोघं आणि त्यांची यंत्रं, आणि तिसरीत दोघी जणी आळीपाळीने कानाला फोन लावून बसलेल्या. त्या खोलीत घंटा वाजली की इकडे दोघांचेही हात जागच्या जागी थांबत. ॲप दिसायला अगदी भाबडं होतं. विणकामाच्या ओळी मोजायचं. ओळ संपली की बटण दाबा, आकडा एकाने वाढतो. पण तेच बटण दाबून धरलं की तिसऱ्या खोलीत घंटा वाजायची, फोन कुठे आहे ते दिसायचं आणि मदत निघायची. घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या बायकांसाठी ते बनवलं होतं. नवऱ्याने फोन तपासला तरी त्याला दिसणार काय, तर एकशे चाळीस ओळी झाल्या. जगात विणकामाइतका निरुपद्रवी छंद नाही असं नवरे समजतात, आणि समजू देत बापडे.

आता अशा बायकांची यादी ठेवायची म्हणजे चोराच्या हाती किल्ली. यादी आज नाही तर उद्या फुटते. म्हणून संस्थेकडे नाव नाही, नंबर नाही, काही नाही. पण किती जणींनी नवं ॲप घेतलं, हे तरी कळायला हवं की नको? त्यावर हिने तोड काढली. दर आठवड्याला प्रत्येक फोन आतल्या आत एक नाणं उडवतो. छापा पडला तर खरं सांगतो, जुनं की नवं. काटा पडला तर पुन्हा नाणं उडवतो आणि ते जे म्हणेल ते ठोकून देतो, खऱ्याखोट्याचा संबंध नाही. त्यामुळे एखाद्या फोनने 'जुनं' म्हटलं तरी ते खरं की नाण्याचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण फोन चार हजार. नाण्यांचा गोंधळ एकमेकांत मिटून जातो. सगळ्यांनी नवं घेतलं तरी काटा पडलेल्या दोन हजारांतले हजारएक फोन 'जुनं' म्हणणारच, म्हणून आलेल्या आकड्यातून हजार वजा करायचे आणि उरेल त्याची दुप्पट करायची, कारण खरं बोलणारे निम्मेच. झाली मोजणी. वकीलबाईंनी त्या दिवशी तिची पाठ थोपटली होती, आणि ती घरी जाताना रस्ताभर स्वतःशीच हसत गेली होती.

या सोमवारी 'जुनं' म्हणणारे आले नऊशे चौऱ्याऐंशी. हजारापेक्षा सोळा कमी. म्हणून उणे बत्तीस.

"म्हणजे कुणी उरलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. "चांगलंच झालं. पुढच्या मंगळवारी जुनी वाट बंद होतेय."

जुनी वाट म्हणजे जुन्या ॲपची घंटा ज्या कंपनीच्या तारांवरून यायची, ती. कंपनी ते काम गुंडाळत होती. नवं ॲप दुसऱ्या वाटेने बोलायचं, त्याला धक्का नव्हता. पण मंगळवारनंतर जुन्या ॲपचं बटण कुणी कितीही दाबून धरलं तरी तिसऱ्या खोलीत चिमणीही चिवचिवणार नव्हती.

"बाई, उणे बत्तीस म्हणजे शून्य नाही," ती म्हणाली. "चार हजार नाणी इकडेतिकडे पडतात. कुणीच उरलेलं नसेल, किंवा पन्नास असतील. शंभरही असू शकतील. ह्या पद्धतीत गर्दी मोजता येते. चारचौघी राहिल्या की त्या दिसत नाहीत."

"मग कंपनीला काय कळवू? उरलेल्या बायका असतील तर तीन महिने मुदत देतो म्हणालेत. पण आकडा मागतात. 'असतील किंवा नसतील' असं लिहू?"

"चाळीस लिहा."

"खोटं लिहू?" वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या कधी कोर्टात जायची वेळ आली तर आपल्या याच मोजणीवर उभं राहायचंय मला. आज सोयीचा आकडा लिहिला तर तेव्हा कुठल्या तोंडाने बोलू? मंगळवारच्या आधी अजून एक मोजणी आहे. त्यात जे येईल ते लिहीन."

त्यांचं चुकत नव्हतं. हेच तर वाईट होतं. त्या खोलीत कुणाचंच चुकत नव्हतं.

सर्व्हरवाल्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "मी काय म्हणतो, एक आठवडा नाणी काढून टाकू. फोनला सरळ विचारू, बाबा रे, खरं काय ते सांग."

"नाणं फोनच्या पोटात आहे. ते काढायचं तर ॲप बदलावं लागेल."

"मग बदलू."

"ज्या अपग्रेड घेत नाहीत, त्यांनाच अपग्रेड पाठवायचं?"

तो उठून चहा आणायला गेला. बिचारा मनाने चांगला होता. त्याच्या डोक्यात फक्त आकडा होता. तिच्या डोक्यात माणूस होतं.

तिची ताई.

दोन वर्षांपूर्वी तिनेच ते ॲप ताईच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. तोवर ताईने काही कबूल केलं नव्हतं. कपाट लागलं, जिन्यात पाय घसरला, हेच चालू होतं. एकदा धाकटीने पोलिसांचं नाव काढलं, तर ताईने सहा महिने बोलणं टाकलं. ॲपलाही ती तयार नव्हतीच. लग्न तिने स्वतःच्या मनाने, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून केलेलं. आता धाकट्या बहिणीपुढे पदर पसरायचा म्हणजे मरणच. "मी ते बटण दाबलं, न दाबलं, वापरलं, टाकून दिलं, ते तुला कळणार का?" एवढंच तिने विचारलं होतं.

"मलाच काय, कुणालाच कळणार नाही, ताई. मी ते तसंच बनवलंय."

तेव्हा कुठे ताईने फोन पुढे केला. मग ती विणायला शिकली. आयुष्यात कधी सुई हातात न धरलेली बाई, पण ॲपला निमित्त हवं ना. पहिला मफलर असा काही झाला की एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर. भावोजींनी तो गळ्यात घालून सगळ्यांना हसवलं होतं.

नवं ॲप येऊन तीन महिने झाले होते. घ्या म्हणून ठळक सांगताही येत नव्हतं, कारण फोन कुणाच्या हातात असेल याचा नेम नाही. आकड्याच्या कोपऱ्यात एक छोटा ठिपका, तो दाबला की झालं. ताईने दाबला असेल का? विचारायची सोय नव्हती. फोनवर बोलावं तर पलीकडे भावोजींचा श्वास ऐकू यायचा. लिहून पाठवावं तर ते आधी तेच वाचायचे. मंगळवार ते शुक्रवार ती ऑफिसात येत होती, काम करत होती आणि मनातल्या मनात एकच हिशोब मांडत होती. उणे बत्तीसमध्ये ताई आहे की नाही? जिने हा प्रश्न कुणालाच विचारता येऊ नये अशी पक्की व्यवस्था केली होती, तीच आता त्यावर डोकं आपटत होती. आपलेच दात आपलेच ओठ, म्हणतात ते हेच.

शनिवारी तिच्याच्याने राहवेना. जातायेता सहज डोकावले, असं म्हणायचं ठरवून ती ताईकडे गेली.

दार भावोजींनीच उघडलं. "या या मेहुणीबाई! आज वाट चुकलात वाटतं?" हसतमुख माणूस. शेजारपाजारची मुलं त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची. घर आरशासारखं लख्ख होतं. ताई खिडकीशी विणत बसली होती. तिने मान वर केली, हसली, आणि डावी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. बाहेर ऊन चांगलंच होतं.

"बारीक झालीस गं ताई."

"अगं, बसून बसून काय जाड व्हायचं?"

"खायला सांगून सांगून थकलो मी," भावोजी म्हणाले आणि त्या दोघींच्या बरोबर मधल्या खुर्चीत बसले. फोन त्यांच्या कोपराजवळ टेबलावर होता. ताईचा. गप्पा झाल्या. भाव वाढले, पाणी कमी दाबाने येतं, कोण आजारी, कोणाचं बरं चाललंय. त्यांनी दोन विनोद केले, ते चांगलेही होते. ती हसली. ताई अर्धा क्षण उशिरा हसली.

ओळ संपली तसा ताईने हात पुढे केला. भावोजींनी फोन उचलून तिच्या हातात ठेवला, तिने बटण दाबलं, फोन परत त्यांच्या कोपराशी गेला. इतकं सवयीचं सगळं, की पाहणाऱ्याला वाटावं काय हा जिव्हाळा. पण तेवढ्यात धाकटीला आकडा दिसला होता. हिरवा. नव्या ॲपमध्ये आकडा निळा केला होता. कशासाठी? काही नाही, वकीलबाईंना निळा आवडतो म्हणून.

चार हजारांतला एक फोन तिला आता पक्का माहीत होता.

"चहा टाकतो," भावोजी उठले. "माझ्या हातचा प्या. तुमच्या ताईला बसू द्या." आणि स्वयंपाकघरात गेले. फोन टेबलावरच राहिला.

असा क्षण पुन्हा येणार नाही असं तिला वाटलं. ताईने ती काय करतेय ते पाहिलं, मान हलवली, ओठ हलवले. नको. पण तोवर तिने फोन उचलून ठिपका दाबलाही होता. ऑफिसात तिने हे शंभर वेळा केलं होतं. ठिपका दाबायचा, वर एक रेघ सरकते, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतं. पण ऑफिसातले फोन नवे. ताईचा फोन म्हणजे भावोजींनी वापरून टाकलेला, कोपरा फुटलेला. रेघ निम्म्यावर आली आणि तिथेच बसली. फोनने आपण होऊन एक बारीकशी टिंग केली.

"साखर किती?" भावोजी दारात होते.

तिच्या हातात फोन होता. रेघ अजून निम्म्यावरच.

"बघू," ते म्हणाले. आवाज चढला नाही, काही नाही. त्यांनी फोन घेतला, बराच वेळ पाहिला आणि ते ताईकडे वळले. "ओळी मोजायच्या एवढ्याशा ॲपला अपग्रेड कसलं गं? आणि ते करायला बहिणीला लांबून यावं लागतं?"

"नाही, ते आपोआप... माझा हात लागला, भावोजी."

"हात लागला." ते हसले. अंगठा दोनदा हलला. "काढूनच टाकलं. कशाला उगाच फोनवर भार? ओळी मी मोजीन ना तुझ्या. नाहीतरी मी घरीच असतो." ताईच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तिच्या हातातल्या सुया थांबल्या होत्या. "चहा घ्या, मेहुणीबाई. गार होईल."

तिने चहा घेतला. उठून ओरडावं, ताईला हाताला धरून ओढत न्यावं, असं पन्नासदा मनात आलं. पण ताई तिच्याकडे बघतही नव्हती, आणि जिच्यासाठी करायचं तीच ज्याला हो म्हणत नाही ते करायचं नाही, हा संस्थेचा पहिला नियम होता. तोही तिनेच इतरांना शिकवलेला.

निरोप द्यायला ताई दारापर्यंत आली. भावोजी आत कप विसळत होते, नळ चालू होता. तेवढ्या आवाजाच्या आडून ताई बोलली.

"ठिपका दिसला होता मला, चिमे. आला त्याच दिवशी दिसला होता. पण दाबला की वर रेघ येणार, ती यांना दिसणार. फोन हल्ली यांच्याजवळच असतो, विणायला बसले की तेवढा देतात. उद्या हे मित्राकडे जाणार आहेत, फोन घरी ठेवून जातो म्हणाले होते. उद्या करणार होते मी."

"ताई, मंगळवारी सगळं बंद होणार होतं. मला वाटलं तुला..."

"तुला वाटलं मला जमणार नाही." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "दोन वर्षं जमवलं गं मी."

नळ बंद झाला. ताईने दार लावून घेतलं.

धाकटी जिना उतरली, रस्त्याला लागली, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडली. आपण ताईला वाचवायला गेलो होतो, असं तिला म्हणता येईना. खरं तर तिला स्वतःची धडधड थांबवायची होती. न कळणं तिला सोसवेना. लोकांना दोन वर्षं ती सांगत आली होती, की न कळण्यातच तुमची सुरक्षा आहे. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पाच दिवसही तिच्याने ते झालं नाही.

रविवारी तिने दोनदा फोन केला. कुणी उचलला नाही.

सोमवारी मोजणी आली. सर्व्हरवाला आरडाओरडा करतच खोलीत शिरला. "एक हजार वीस! नाणेवाली, एक हजार वीस! म्हणजे चाळीस. अधिक चाळीस!"

वकीलबाईंनी त्याच वेळी पत्र लिहून कंपनीला पाठवलं. दुपारच्या आत उत्तर आलं. वापरणारे शिल्लक असल्यामुळे जुनी वाट आणखी तीन महिने चालू ठेवण्यात येत आहे. तिसऱ्या खोलीतल्या दोघीही बाहेर आल्या. एकीने दुसरीला मिठी मारली. कुणीतरी खालून बिस्किटं आणवली.

"काय झालं गेल्या आठवड्यापासून?" वकीलबाईंनी विचारलं. "बत्तीस उणे होत्या त्या चाळीस अधिक कशा झाल्या?"

"काही झालं नाही, बाई," ती म्हणाली. "नाणी वेगळी पडली."

"म्हणजे फक्त नशीब?"

"फक्त नशीब."

"असू दे. चाळीस जणी वाचल्या, आज एवढंच म्हणू."

तिने मान हलवली. तीन महिने. ताईचं ते जुनं, हिरव्या आकड्याचं ॲप तीन महिने चाललं असतं. काही न करता. ती नुसती घरी बसली असती, खिडकीतून रस्ता बघत राहिली असती, तरी चाललं असतं. शिवाय काल रविवारी ताईने स्वतःच्या हाताने नवं घेतलंच असतं. आता मोजणीत ताई जुन्यात नव्हती, नव्यात नव्हती. ॲप काढून टाकलेला फोन नाणं उडवत नाही, तो काहीच बोलत नाही. चार हजारांत एक कमी झाला, हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, आणि ते तसं येऊ नये म्हणून तिने चांगला महिनाभर खपून काम केलं होतं.

बिस्किटांचा पुडा तिच्यापर्यंत आला तेव्हा ती खिडकीशी जाऊन ताईचा नंबर लावत होती. या वेळी फोन उचलला गेला.

"बोला, मेहुणीबाई."

"भावोजी, ताईला द्या ना जरा."

"झोपलीय ती."

"आत्ता? भरदुपारी?"

"बरं नाही वाटत तिला. कालपासून पडूनच आहे."

मागे सर्व्हरवाला काहीतरी बोलला आणि सगळे हसले. "डॉक्टरला दाखवलं का? मी येते. मी आत्ता निघते, भावोजी."

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता?" आवाज नेहमीसारखाच, मायेचा. "मी आहे ना घरी."

फोन बंद झाला. ती तिसऱ्या खोलीकडे धावली. खोली रिकामी होती. दोघीही अजून बाहेर बिस्किटं खात उभ्या होत्या, आणि घंटेचं यंत्र टेबलावर गप्प पडलं होतं.